सिताराम गुरुजींचा काटा

जिंतूर
२ मार्च २०२५

प्रिय सिद्धोधन काका,

सप्रेम जयभीम.

फोन केला की तुम्ही "कोण? कोण?" एवढंच विचारता, आणि मी नाव सांगून सांगून सगळी गल्ली गोळा करते. म्हणून हे पत्र. तुमचा पप्पू म्हणाला, मोबाइलवरची बारीक अक्षरं बाबा बघतसुद्धा नाहीत, पण कागद दिला की चष्मा पुसून दोनदा वाचतात. तर घ्या कागद.

काम गाडीचं आहे. आमचे बाबा गेल्यापासून त्यांची पांढरी डिझेल गाडी वालूरच्या घरापुढं ताडपत्रीखाली उभी होती. जानेवारीत आईला माझ्याकडे जिंतूरला आणलं, तेव्हा गाडीही आणली. आईच्या गुडघ्यांसाठी दर शनिवारी परभणीला जावं लागतं आणि एसटीची पायरी तिला चढवत नाही. गाडी चालते झकास, पण ऊन वाढलं तशी तापायला लागली. गेल्या शनिवारी बोरीच्या पुढं बॉनेटमधून वाफ निघाली. समोर एक लाल दिवा आहे, तो लागतो, पण वरातीमागून घोडं.

परवा बाबांच्या कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. आत त्यांचा तो इंजिनची गरमी दाखवणारा हीट मीटर. काटा, सेन्सर, वायर, सगळं वर्तमानपत्रात नीट बांधलेलं. ज्याच्यावरून गावानं सिताराम गुरुजींना 'काटा गुरुजी' म्हणायला सुरुवात केली, तोच. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर हौसेनं गाडी घेतली, स्वतःच्या हातानं मीटर बसवला, काटा खाली आहे म्हणून निर्धास्त गाडी हाणली आणि मंठ्याच्या पुढं इंजिन जाम झालं. मी मागच्या सीटवर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. जातवैधतेचं प्रमाणपत्र आदल्या संध्याकाळी हातात पडलेलं, आणि त्या दिवशी पाचच्या आत औरंगाबादच्या कॉलेजात हजर व्हायचं. मिळेल त्या गाडीनं पोचलो पावणेसातला. माझं इंजिनिअर होणं तिथंच राहिलं. अकरा वर्षं होतील आता.

म्हणून या वेळी मीटर मी बसवणार, पण डोकं तुमचं. पूर्णेत पस्तीस वर्षं गॅरेज चालवलंत, पुतणीला एवढं शिकवाच. पंचायत समितीत फायली लावून लावून माझ्या हातांना गंज चढलाय.

बाबांच्या अंत्यविधीला तुम्ही आलात, मागं उभे राहिलात आणि कुणाशी न बोलता गेलात. आई अजून विचारते, भावजींना काही बोललं का कुणी?

तुमची,
संघप्रिया


पूर्णा
१० मार्च २०२५

चि. संघप्रिया हिस जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा नाही, चारदा वाचलं. मला कुणी काही बोललं नव्हतं. ऐकू येत नसलं की माणूस मागंच उभा राहतो. वहिनींना तसं सांग.

आता कामाचं. मी इथं बसून सांगणार आणि तू तिथं करणार, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच आहे. तरी सांगतो.

पहिली गोष्ट, तो जुना मीटर फेकून दे. अकरा वर्षं पडून राहिलेली वस्तू. परभणीत कुठल्याही पार्टच्या दुकानात नवा मिळेल. जुन्याला हात लावू नको.

दुसरी गोष्ट, काम सकाळी कर, इंजिन गार असताना. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडणारे दोघे माझ्या ओळखीचे आहेत, दोघांच्याही तोंडावर अजून डाग आहेत. आधी थोडं पाणी खालून सोड. मग इंजिनच्या हेडच्या कडेला, वरचा जाड पाइप लागतो त्याच्या शेजारी, एक बोल्ट दिसेल. तो काढला की सेन्सरची जागा. सेन्सर आधी बोटांनी फिरव, पाना नंतर. पितळ मऊ असतं, जोर केलास तर आटे जातील.

सेन्सरला एकच वायर असते. दुसरी कुठं गेली म्हणून शोधत बसू नको. दुसरी वायर म्हणजे इंजिनच. सेन्सरचे आटे इंजिनच्या लोखंडाला टेकतात, तीच त्याची अर्थिंग. म्हणून आट्यांवर काही गुंडाळायचं नाही. दोरा नाही, टेप नाही. गळालं तर तांब्याचा वायसर घाल, पण गुंडाळायचं काही नाही.

मीटरमागं तीन वायर लागतील. एक सेन्सरकडून, एक किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या करंटची, एक बॉडीला. करंटच्या वायरीत फ्यूज घाल. मग पाणी भर, गाडी चालू ठेवून बुडबुडे जाऊ दे आणि झाकण लाव. काटा मधोमध राहिला तर गाडी निरोगी.

एके काळी मी बॉनेट न उघडता सांगायचो की ही गाडी दोन कोसांवर तापणार. लोक पैजा लावायचे. आता घरात भांडं पडलं तरी पप्पूच्या बायकोचं तोंड बघून कळतं.

तुझा काका,
सिद्धोधन


जिंतूर
२३ मार्च २०२५

प्रिय काका,

पालथ्या घड्यावर पाणी म्हणाल, पण मीटर मी बाबांचाच बसवला. नवा आणायला दुकानात गेले, हातात घेतला आणि परत ठेवला. बाबांचा नुसता ठेवून द्यायचा आणि गाडीत दुसऱ्याचा लावायचा, हे काही जमेना.

काम तुम्ही सांगितलं तसंच केलं. बोल्ट निघता निघेना. शेजारचे बन्सीधर भाऊ ट्रॅक्टरचा लांब पाना घेऊन आले आणि "ताई, तुमी बाजूला व्हा" म्हणाले. मी झाले नाही. डिझेल टाकून तासभर थांबले, मग पान्याला लोखंडी पाइप अडकवून हिसका दिला. निघाला! आई ओट्यावरून बघत होती, म्हणाली, "बापाचेच गुण हायत."

एक गोष्ट मात्र तुमच्याविरुद्ध केली. सेन्सरच्या आट्यांवर पांढरी टेप होती, नळाच्या पाइपाला गुंडाळतात तसली, पिवळी पडलेली. तुमचं सांगणं आठवलं. नखानं टोक उचललंसुद्धा. पण बाबांनी ती किती मन लावून गुंडाळली असेल काका, एकसारखी, घट्ट, एकही सुरकुती नाही. त्यांच्या हातचं असं आता घरात दुसरं काही उरलेलं नाही. मला ती काढवेना. तशीच बसवली. पाणी एक थेंब गळत नाही.

आणि काटा म्हणाल तर पावाच्या वर जात नाही. काल आईला परभणीला नेऊन आणलं. येताना झरीजवळ तापल्यासारखा वास आला, आई म्हणाली थांब. मी म्हटलं, काटा बघ ना, खाली आहे. आणि आणली तशीच घरी. म्हणजे गाडी निरोगी, नाही का?

तुमची यशस्वी मिस्त्रीण,
संघप्रिया


पूर्णा
२८ मार्च २०२५

संघप्रिया,

तुझं पत्र आता हातात पडलं. पप्पूला लगेच फोन करायला लावला आहे. गाडी चालवू नको, एवढंच त्यानं सांगितलं असेल. कारण इथं लिहितो आणि जिंतूरकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती देतो.

ती टेप काढ. आज काढ. टेपेनं सेन्सर आणि इंजिन यांच्यात आड पडदा येतो, अर्थिंग पुरती मिळत नाही आणि काटा वर चढत नाही. इंजिन पेटायला आलं तरी तो खालीच दाखवणार. तुझा वास खरा होता, काटा खोटा होता. टेप पूर्ण खरवडून काढ, पितळ चकचकीत दिसलं पाहिजे. मग बसव. मग काटा काय सांगतो ते ऐक आणि रेडिएटर साफ करून घे.

वहिनी गाडीत होत्या. तुम्ही दोघी सुखरूप पोचलात म्हणून बरं.

दादाला टेपेचं माहीत नसेल. मास्तर माणूस, त्याला गाडीतलं काय कळणार.

सिद्धोधन


जिंतूर
८ एप्रिल २०२५

प्रिय काका,

टेप काढली. मोजली, आठ पदर निघाले. सेन्सर बसवून गाडी चालू केली आणि दहा मिनिटांत काटा मधोमध, पंधरा मिनिटांत तांबड्याजवळ. मी घाबरून बंद केली. रेडिएटर अर्धा बुजला होता, तो उघडून साफ करून घेतला. आता काटा मध्यावर उभा असतो. तुमचा फोन आला नसता तर त्या शनिवारी आईला घेऊन मी कुठल्या फाट्यावर उभी असते कोण जाणे.

पण काका, त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. मंठ्याच्या पुढं इंजिन का गेलं ते आता कळलं. बाबांनीच ती टेप गुंडाळली आणि बाबांचाच काटा खोटा बोलला. मला वाटलं होतं कारण कळलं की बरं वाटेल. उलटंच झालं.

तुम्हाला ठाऊक नसेल, त्या संध्याकाळी कॉलेजच्या बंद खिडकीसमोर मी त्यांना काय म्हणाले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं ही हुशारी करायला? शाळेत पोरांना खडू द्यायचा सोडून तुम्हाला काही येतं का?" लोक बघत होते. बाबांनी माझ्या हातातली कागदांची पिशवी घेतली आणि चालू लागले. त्यानंतर सात महिने मी त्यांना 'बाबा' म्हणून हाक मारली नाही. त्यांनीही नंतर कधी पक्कड हातात धरली नाही. साधा फ्यूज उडाला तरी वायरमनला बोलवायचे, आणि म्हणायचे, "माझ्या हाताला यश न्हाई बाबा."

एक कोडं मात्र सुटत नाही. टेप काढताना आई शेजारी बसली होती. म्हणाली, "मीटर बसवला तवा तर काटा रोज वर जायचा. त्याचाच तर घोर लागला होता त्यायला. रोज तुझ्या काकाला फोन करायचे. काटा खाली आला तो पूर्णेहून आल्यावर." काका, टेप बाबांनी पहिल्याच दिवशी गुंडाळली असेल, तर आधीचे पंधरा दिवस काटा वर कसा जायचा? तुम्हीच सांगा, तुम्ही जाणकार.

९ जूनला बाबांना वर्ष होतं. पुण्यानुमोदन वालूरला करायचं आहे. आई म्हणते, भावजींनी यायलाच पाहिजे.

तुमची,
संघप्रिया


पूर्णा
१४ मे २०२५

संघप्रिया,

तुला उत्तर द्यायला महिन्यावर दिवस गेले. तीन कागद फाडले. पप्पूला वाटतं मी आजारी आहे.

टेप मी गुंडाळली.

आता सगळं सांगतो. दादानं तो मीटर पुस्तिका वाचून बसवला होता आणि अगदी बरोबर बसवला होता. रोज फोन यायचा, "सिद्धोधन, काटा वर जायलाय." मी म्हणायचो, मीटर खेळण्यातला आहे, गाडी माझ्या कानाखालून गेली आहे, तिला काही झालेलं नाही. शेवटी त्या रविवारी तो गाडी घेऊन पूर्णेला आला. गॅरेजात आठ-दहा गिऱ्हाइकं बसलेली. मी गाडी चालू करून कान लावला आणि म्हटलं, काही नाही. दादा सगळ्यांसमोर हसून म्हणाला, "तुझ्या कानापेक्षा माझा काटा खरा हाय."

तो गमतीनं बोलला. मला झोंबलं, कारण ते खरं होतं. माझा उजवा कान तेव्हाच जायला लागला होता आणि मी कुणाला कळू दिलं नव्हतं. ज्या मिस्त्रीचं नाव कानावर चालतं त्याला ऐकू येत नाही हे पूर्णेत कळलं असतं, तर गॅरेजात कुत्रं फिरकलं नसतं. पाण्याच्या पंपाचा आवाज बिघडलेला होता, म्हणूनच इंजिन तापत होतं. पप्पूनं पुढं कधीतरी सांगितलं, त्याला ऐकू येत होता. बापाला सांगायची हिंमत झाली नाही म्हणे.

मी दादाला म्हटलं, तू आमच्या घरी जाऊन जेवून ये, मी बघतो. तो गेला आणि मी सेन्सर काढून आठ पदर टेप गुंडाळली. टेपेनं काय होतं हे मला चांगलं माहीत होतं, म्हणूनच गुंडाळली. वाटलं, काटा गप्प बसेल, दादाही गप्प बसेल, गाडीला तर काही झालेलंच नाही. दादा जेवून आला, काटा खाली बघितला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून त्याच लोकांना म्हणाला, "बघा, माझ्या भावाच्या हाताला गुण हाय." मी तो हात ठेवू दिला. गुरुवारी तुम्ही निघालात.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणायला मी मंठ्याला आलो. मनात एकच होतं, कुणी बघायच्या आत टेप काढायची. पण माणसं जमलेली होती. दादा दगडावर बसलेला. मला बघून म्हणाला, "माझीच चूक झाली रे. नसती हौस." त्या वेळी मी तोंड उघडायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "असू दे दादा." तीन शब्द, आणि तेही खोटे. पुढं इंजिन मी उघडलं नाही, सेलूच्या मिस्त्रीकडे पाठवलं. लोक म्हणाले भावावर रुसला. रुसलो नव्हतो, तोंड दाखवत नव्हतो. गावात त्याला नाव पडलं तेही माझ्या कानावर आलं. तेव्हा डावा कान चांगला होता.

दादानं मीटर काढताना ती टेप बघितली असेलच. त्याला काय वाटलं असेल? हे विचारायला दहा वर्षं होती, आणि मी वालूरची एसटी धरली नाही. आता कुणाला विचारू?

आत्ता मार्चमध्ये तू लिहिलंस की टेप बाबांच्या हातची आहे म्हणून काढवली नाही, तेव्हा तरी मी खरं लिहायला हवं होतं. तुम्ही दोघी गाडीत, तीच टेप, तोच खोटा काटा. आणि मी काय लिहिलं? मास्तर माणूस, त्याला काय कळणार. मेलेल्या भावावर मी ते दुसऱ्यांदा ढकललं.

तुझी जागा गेली ती माझ्यामुळं. तू दादाला जे बोललीस तेही माझ्यामुळं. क्षमा मागायला तोंड नाही. ९ तारखेला मी येत नाही, तेच बरं.

सिद्धोधन


जिंतूर
२६ मे २०२५

काका,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत ज्वारी निवडत बसली, निवडलेलीच परत निवडत.

इंजिनिअर होण्याचं मी तुमच्याकडे मागत नाही. ते अकरा वर्षांपूर्वीच रडून झालं. पण तुम्ही लिहिता, मी बाबांना बोलले तेही तुमच्यामुळं. नाही काका, ते मी बोलले. माझ्या तोंडानं. बाबांनी चूक केली असती तरी तसं बोलायला नको होतं, आणि त्यांनी तर चूकही केली नव्हती. हे मी आता कुणाला जाऊन सांगू? निदान तुमच्यासमोर मी तरी आहे, शिव्या द्यायला. माझ्यासमोर कोण आहे?

आणि ती टेप. बाबांच्या हातची म्हणून मी काढलेले ते आठ तुकडे डबीत जपून ठेवले होते. तुमचं पत्र वाचल्यावर चुलीत घातले.

तुम्ही येत नाही म्हणता. यायचंच. ९ जूनला सकाळी दहाला, वालूर. वंदना झाल्यावर लोक बाबांविषयी दोन शब्द बोलतात. त्यांच्या शाळेतले दिनकरराव सर असतील, भगवानराव सरपंच असतील, 'काटा गुरुजी' म्हणणारे सगळे असतील. तिथं उभं राहायचं आणि मला कागदावर लिहिलंत ते तोंडानं बोलायचं. मी तुमच्याकडून दुसरं काही मागत नाही.

संघप्रिया


पूर्णा
१३ जून २०२५

चि. संघप्रिया,

आलो, बोललो आणि परतलो, हे तू बघितलंच. तरी लिहितो, कारण एक गोष्ट विचारायची राहिली.

एसटीतून उतरल्यावर शाळेपुढच्या लिंबाखाली अर्धा तास बसलो. परत जाणारी गाडी समोरच उभी होती. खोटं कशाला सांगू, एक पाय पायरीवर ठेवला होता. मग दादाचं नाव घेतलं आणि आलो.

भंतेजींच्या मागं सगळे वंदना म्हणत होते तेव्हा मी नुसते ओठ हलवले. लहानपणी दादानंच शिकवलं होतं मला, ओसरीवर बसवून, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. दिनकरराव बोलले, आणखी दोघे बोलले, काय बोलले ते मला कळलं नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी उठलो.

माझा आवाज मला ऐकू येत नाही. हळू बोलतोय असं वाटत होतं. पण समोरची लहान पोरं दचकली, रस्त्यावरचे दोघे थांबून आत बघायला लागले, तेव्हा कळलं की ओरडून बोलतोय. मग तसंच बोललो. टेप मी गुंडाळली, गुरुजींनी मीटर बरोबर बसवला होता, काटा खरा होता, मी खोटा केला. भगवानरावांनी मान खाली घातली. दिनकरराव रडत होते. मला वाटलं होतं बोलून झाल्यावर हलकं वाटेल. काही हलकं झालं नाही. ज्याला सांगायचं तो फोटोत होता.

नंतर वहिनी उठल्या. माझ्यासमोर आल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि काहीतरी बोलल्या. एकच वाक्य असेल, नाहीतर दोन. सगळी माणसं एकदम त्यांच्याकडे बघायला लागली आणि मग माझ्याकडे. तू तोंडावर हात ठेवलास. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्या माणसांत "वहिनी, पुन्हा बोला" असं म्हणायची हिंमत झाली नाही. मान हलवली आणि तीनच्या गाडीनं निघून आलो.

चार दिवस तेच डोक्यात आहे. त्या काय बोलल्या, ते लिहून कळव. शिव्या असतील तर शिव्या लिही. एक शब्द बदलू नको.

सिद्धोधन


जिंतूर
१९ जून २०२५

काका,

जयभीम.

तुम्ही गेल्यावरचं आधी सांगते. भोजनाला पंगत बसली तेव्हा आईनं तुमचं पान वाढून ठेवलं होतं, बाबांच्या फोटोच्या उजव्या हाताला. तुम्ही निघून गेलात हे तिला पंगत उठल्यावर कळलं. पान तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी दिनकरराव सर पुन्हा आले, घरात न येता ओट्यावरच बसले. म्हणाले, "त्या नावानं मी बी हाक मारली हाय वहिनी, लय वेळा. ते हसायचे." सांगायचं एवढंच, की गावात ते नाव आता कुणी घेत नाही. घेण्याजोगं उरलं नाही.

माझं म्हणाल तर माझं बोलायचं राहिलंय ते राहिलंच. शनिवारी आईला परभणीला नेते. काटा मध्यावर असतो. बघितला की बाबा बरोबर होते असं प्रत्येक वेळी वाटतं, आणि दर वेळी तेवढंच वाईटही वाटतं.

आई काय बोलली, ते विचारलंत. तुम्हाला दुसरंच काही लिहून पाठवावं असं माझ्या मनात आलं होतं. "झालं गेलं विसरा भावजी" असं काहीतरी. तुम्हाला खरंच वाटलं असतं. पण आपल्या घरात एक खोटं अकरा वर्षं टिकलं, आता दुसरं नको. आईला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, लिही, मी बोलले ते बोलले.

ती म्हणाली, "भावजी, इतक्या मोठ्यानं कशाला बोलायलात? हे होते तवा हळू बोलले असते, तरी त्यायला ऐकू आलं असतं."

तुमची पुतणी,
संघप्रिया